जेद्दाला आपलं कोण होतं?

दोन-अडीच महिने इथे काही लिहिलं नाही. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी संगणकापुढे बसायला बंदी केली होती. आता लख्ख दिसतंय. साठलेलं पुष्कळ आहे, त्यामुळे आजचा लेख जरा लांबणार. चहा घेऊनच बसा.

मी दापोली तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात एकतीस वर्षं मास्तरकी केली. विषय इतिहास आणि मराठी. वर्गात निम्मी मुलं कोकणी मुसलमानांची. घराघरातला कोणी ना कोणी बोटीवर नाहीतर आखातात. इतिहासाच्या पुस्तकात १८९७ चा प्लेग होता. म्हणजे प्लेग नावाला, खरा धडा रँडचा आणि चापेकर बंधूंचा. दरवर्षी मी तो रंगवून शिकवायची. २२ जून १८९७, गणेशखिंड, "गोंद्या आला रे"... मुलं अगदी श्वास रोखून ऐकायची. एका वर्षी, १९८६ असेल नाहीतर ८७, धडा संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, आमच्या दादीचा आजा हजला गेलेला. तो जेद्दाला वाख्यात मेला. ते पण पुस्तकात आहे काय?"

वाखा म्हणजे पटकी, कॉलरा. मी म्हणाले, "नाही रे, ते पुस्तकात नाही. बस खाली." तास संपायला चार मिनिटं होती आणि मला गृहपाठ द्यायचा होता.

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पस्तीसेक वर्षं लागली. तेही त्याच मुलामुळे. ते पुढे येईलच. आधी जेद्दाची गोष्ट.

आगबोटी आल्या तशी हजची वाट सोपी झाली. पूर्वी शिडाच्या गलबतातून, वाऱ्याच्या मर्जीवर जाणारी माणसं आता मुंबईहून बोटीत बसून जेद्दाला उतरू लागली. जेद्दा हे मक्केचं बंदर, तेव्हा तुर्की सुलतानाच्या राज्यात. हिंदुस्थानभरचे यात्रेकरू मुंबईत जमायचे, बोट मिळेपर्यंत मुसाफिरखान्यात नाहीतर रस्त्यावर दिवस काढायचे, आणि मग गुरांसारखे बोटीत कोंबले जायचे. त्यांच्याबरोबर पटकीही जायची.

१८६५ सालच्या हजमध्ये पटकीने कहर केला. सुमारे पंधरा हजार यात्रेकरू मेले असा अंदाज दिला जातो. परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती साथ सुएझला गेली, तिथून अलेक्झांड्रियाला, आणि तिथून भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात. मग मात्र युरोप खडबडून जागा झाला. पंधरा हजार माणसं मक्केत मेली तेव्हा नाही, मार्सेयला पटकी पोचली तेव्हा. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि तिने निष्कर्ष काढला की हा रोग हिंदुस्थानातून येतो आणि यात्रा हे त्याच्या फैलावाचं मोठं साधन आहे. इंग्रजांना हे अजिबात पसंत नव्हतं. कारण अगदी रोकडं होतं: हिंदुस्थानातून निघणाऱ्या बोटी विलगीकरणात अडकल्या तर व्यापार अडकतो. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडल्यावर तर हे दुखणं आणखी वाढलं. पटकी एकाकडून दुसऱ्याला होते की दूषित हवेतून होते यावर विद्वान वर्षानुवर्षं भांडत राहिले. (कॉखने पटकीचा जंतू इजिप्तमध्ये आणि मग कलकत्त्यात पाहिला तो १८८३-८४ मध्ये.)

या सगळ्या भांडणात यात्रेकरू कोण होता? युरोपच्या लेखी तो रोग वाहून नेणारा. इंग्रज सरकारच्या लेखी नाजूक प्रकरण, कारण १८५७ नंतर राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं वचन दिलेलं. बोट कंपन्यांच्या लेखी डोकं मोजून भाडं. परमुलखात संकटात सापडलेला आपला माणूस, असं त्याच्याकडे बघणारं कोणी होतं का? वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नात खरं म्हणजे हाच प्रश्न होता.

जेद्दाला इंग्रजांचा वकील होता. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, कॉन्सल. १८३८ पासून तिथे त्यांची कचेरी होती. पण ती प्रामुख्याने व्यापाराच्या आणि राजकारणाच्या कामाची. कचेरीतल्या साहेबाला यात्रेकरूची भाषा येत नसे, आणि मक्केत तर त्याला पाऊलही टाकता येत नसे, तिथे मुसलमानांखेरीज कोणाला प्रवेशच नाही. म्हणजे ज्यांना मदत करायची ती माणसं जिथे मरत होती तिथे मदत करणारा पोचूच शकत नव्हता!

म्हणून एक निराळा माणूस शोधण्यात आला. डॉ. अब्दुर रझाक, सरकारी नोकरीतला हिंदी असिस्टंट सर्जन. १८७८ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने त्याला यात्रेकरूंबरोबर हजला पाठवलं, तिथल्या आरोग्याच्या स्थितीचा अहवाल लिहायला. १८८२ मध्ये त्याला जेद्दाला व्हाइस-कॉन्सल नेमलं. दूतावासाच्या कामावर मुद्दाम डॉक्टर नेमायचा, तोही यात्रेकरूंचाच धर्म आचरणारा, ही कल्पना त्या काळाच्या मानाने फार पुढची होती असं मला वाटतं. आता यात गोम होतीच. त्याने मुसलमानांच्या राजकीय हालचालींवरही लक्ष ठेवावं अशी सरकारची अपेक्षा होती. नाडी बघायची आणि कानही लावून ठेवायचे. चांगल्या कामालाही असं जोडकाम चिकटवायची सरकारांची खोड जुनी आहे.

त्याच १८८२ च्या सुमारास तुर्कांनी तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर विलगीकरणाचं ठाणं उघडलं. दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरू-बोटीला तिथे थांबणं भाग होतं. बोटीत पटकी निघाली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. उघडं, रखरखीत बेट. राहायला झोपड्या, आणि त्याची फी यात्रेकरूनेच भरायची. घरून बांधून आणलेले तांदूळ आणि पैसे कामरानमध्येच संपायचे. मक्केला पोचेपर्यंत कित्येकजण कफल्लक. परतीचं भाडं नाही. मग जेद्दाच्या रस्त्यावर पडून राहायचं, कोणी दयाळू शेठ तिकीट काढून देईल या आशेवर, नाहीतर पटकी येईल तिची वाट बघत.

या "निराधार यात्रेकरूं"नी कॉन्सलच्या कचेरीला सळो की पळो करून सोडलं. जेद्दाचा साहेब लिहायचा, यांना परत न्यायला पैसे द्या. हिंदुस्थान सरकार म्हणायचं, आज दिले तर उद्या दुप्पट येतील. परतीचं तिकीट असल्याशिवाय मुंबईत बोटीवर चढू देऊ नका, असा उपाय पुन्हा पुन्हा सुचवला गेला. पण मग गरिबाचा हज बंद पडतो आणि धर्मात हात घातल्याचा बोभाटा होतो. म्हणून घोळ चालूच राहिला. परतीचं तिकीट किंवा अनामत रक्कम असावी असा कायदा व्हायला १९२५ उजाडलं. मधल्या काळात १८८६ मध्ये थॉमस कुक कंपनीला यात्रेकरूंच्या वाहतुकीचं काम देऊन बघितलं. सात-आठ वर्षांत तेही गुंडाळलं गेलं.

रझाक मात्र बारा-तेरा वर्षं जेद्दात टिकून होता. कामरानच्या हालांबद्दल तो लिहीत राहिला. १८९३ च्या हजला पटकीने पुन्हा भयंकर बळी घेतले. त्यानंतर निर्जंतुकीकरणाची वाफेची यंत्रं आणली गेली, औषधपाणी वाढलं. पण लोकांना वाटलं की हे परके लोक आपल्याला मारायलाच आले आहेत. (पुण्यात दोन वर्षांनी जे झालं त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.) १८९५ मध्ये बेदुइनांनी मक्केतलं निर्जंतुकीकरणाचं यंत्र मोडलं, इस्पितळावर हल्ला केला. आणि मेच्या अखेरीला जेद्दाच्या तटाबाहेर संध्याकाळी फिरायला गेलेल्या परदेशी वकिलांच्या घोळक्यावर गोळीबार झाला. इंग्रज कॉन्सल आणि इतर दोघे जखमी झाले. डॉ. अब्दुर रझाक जागीच ठार झाला.

ज्यांच्यासाठी तो तिथे होता त्या हजारो यात्रेकरूंपैकी किती जणांना त्याचं नाव ठाऊक असेल? दादीच्या आज्याला असेल?

त्यानंतर सव्वा वर्षाने मुंबईत प्लेग आला. सप्टेंबर १८९६, मांडवी. ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉ. व्हिएगस यांनी. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, व्हेनिसला पुन्हा परिषद भरली, आणि त्या वर्षी मुंबईहून हजला जाणंच बंद केलं गेलं. आमच्या पुस्तकातला धडा इथे सुरू व्हायचा, गणेशखिंडीत. त्याचं दुसरं टोक जेद्दात होतं हे मला बी.ए.ला कोणी शिकवलं नाही, आणि मीही कोणाला शिकवलं नाही.

आता २०२०.

तो मागच्या बाकावरचा मुलगा मस्कतला होता. वय पन्नाशीच्या आसपास, वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचं काम, खोलीत सहाजण. मत्रा भागात राहायचा. एप्रिलच्या आरंभीच तो भाग बंद केला गेला. काम बंद, पगार बंद. आणि त्याला रोज इन्सुलिन लागतं.

एप्रिलच्या मध्यावर त्याच्या वडलांचा मला फोन आला. ते ऐंशीच्या घरातले, मी पंच्याहत्तरीकडे झुकलेली. "बाई, पोरग्याचा औषध संपत आलाय. दूतावासाला इंग्रजीत अर्ज लिहून द्या." मी मराठी माध्यमाची बी.ए. शब्दकोश घेऊन दोन रात्री बसले. पहिल्या मसुद्यात "आय बेग टु स्टेट" वगैरे घातलं होतं, तशी सवय. मग ते काढलं. नाव, पारपत्र क्रमांक, आजार, औषधाचे किती दिवस उरलेत, एवढंच ठेवलं. भाचीने ते ई-मेलने पाठवलं.

त्याच दिवसांत मी वर्तमानपत्रातून वुहानच्या आणि इराणच्या बातम्या कापून ठेवत होते (जुनी सवय, फळ्याशेजारच्या तक्त्यासाठी कात्रणं). १ आणि २ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या दोन विमानांनी वुहानहून ६४७ भारतीय आणि मालदीवचे ७ नागरिक आणले होते. मार्चमध्ये इराणमध्ये आपले यात्रेकरू अडकले, त्यांतले बरेच कोम या तीर्थक्षेत्री. आधी त्यांच्या तपासणीचे नमुने विमानाने भारतात आले, मग शास्त्रज्ञांचं पथक यंत्रसामग्री घेऊन तिकडे गेलं, आणि १० मार्चला वायुदलाच्या विमानातून ५८ यात्रेकरूंची पहिली तुकडी परतली. यात्रेकरूंपाशी पोचलेला डॉक्टर! हे वाचताना मला रझाक माहीत नव्हता. नंतर माहीत झाल्यावर ते कात्रण मी पुन्हा काढून वाचलं.

पण वुहानमध्ये काहीशे होते. आखातात लाखो. २२ मार्चपासून परदेशी विमानं बंद झाली, आणि वंदे भारत योजना सुरू व्हायला ७ मे उजाडला. पहिल्या दिवशीची दोन विमानं अबू धाबी आणि दुबईहून केरळला गेली. गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसं, आजारी, घरात कोणी वारलंय असे, नोकरी गेलेले, असा क्रम ठरवलेला होता. तो योग्यच होता. पण भाडं ज्याचं त्याने भरायचं होतं, पुन्हा १८८० च्या दशकासारखंच. दीड शतकात एक फरक मात्र पडला आहे. २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू झाला आणि आता तो प्रत्येक दूतावासात असतो. अडल्या माणसाचं राहणं, औषधोपचार, परतीचं तिकीट, मृतदेह घरी पाठवणं, या गोष्टींसाठी. दूतावासाच्या सेवांवर जी छोटीशी जादा फी लागते तीच त्यात जमा होते. म्हणजे तिथल्या आपल्याच माणसांचे पैसे आपल्याच माणसांच्या उपयोगी. जेद्दाच्या साहेबाला असा निधी मिळाला असता तर त्याची किती पत्रं वाचली असती.

आमच्या विद्यार्थ्याला या निधीची माहिती नव्हती. मलाही नव्हती. खोलीतल्या लोकांनी वर्गणी काढून त्याचं तिकीट केलं.

अर्जाला तीन आठवडे उत्तर नव्हतं. मग एका रात्री त्याला फोन आला, मराठीतून. तिथल्या एका मंडळाचा स्वयंसेवक होता. दूतावासाकडून आलेल्या यादीतले आजारी लोक ते आपसात वाटून घेत होते. "इन्सुलिन कोणतं? किती दिवसांचं आहे? खोलीत फ्रिज आहे का?" दुसऱ्या दिवशी औषध नाकाबंदीपर्यंत पोचलं आणि तिथून आत. मी तो अर्ज दोन रात्री जागून लिहिला होता, आणि कामाला आली ती त्यातली एकच ओळ, औषधाचे किती दिवस उरलेत ती.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो मुंबईत उतरला. सात दिवस स्वखर्चाने हॉटेलात, मग सात दिवस घरी, असा नियम. तिसऱ्या दिवशी गावाला त्याचे वडील गेले. साथीने नाही, हृदयाने. त्याने हॉटेलच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, सात म्हणजे सात. कुठल्याशा कचेरीत फोन केला, तिथेही तेच. मुंबईहून गाव एका रात्रीच्या वाटेवर. त्याने दफन फोनवर बघितलं. मला फोन केला तेव्हा रडत नव्हता. म्हणाला, "बाई, मस्कतला असतो तर समजलो असतो."

आणि मंडळी, इथे मला जे टोचतं ते सांगते. २४ मे २०२० च्या केंद्राच्या सूचनांमध्ये सवलत होती. गरोदरपण, गंभीर आजार, कुटुंबातला मृत्यू, अशा कारणांसाठी हॉटेलातले सात दिवस माफ करून चौदा दिवस घरीच विलगीकरणात राहण्याची परवानगी राज्य देऊ शकत होतं. मी ते वाचलं ऑगस्टमध्ये, दुसरंच काहीतरी शोधताना. इंग्रजीत, एका ओळीत. हॉटेलातल्या माणसाला ठाऊक नव्हतं, फोन उचलणाऱ्याला ठाऊक नव्हतं किंवा त्याने सांगितलं नाही. आणि मी, जी चौकस म्हणून मिरवते, तिने त्या दिवशी त्याचं सांत्वन केलं. शोधलं नाही.

१९६३ चा व्हिएन्ना करार आहे, वकिलातींच्या कामाचा. आपण त्यात १९७७ मध्ये सामील झालो. आपल्या नागरिकांना साहाय्य करणं हे कॉन्सलचं काम आहे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. साथीचं वेगळं कलम नाही. कलम असून तरी काय झालं असतं म्हणा. साथीची तयारी म्हणजे विमानं, असं आपल्याला टीव्ही बघून वाटतं. विमानं हवीतच. पण कोण कुठे राहतो याची यादी साथ येण्याआधी तयार हवी, त्यातला इन्सुलिनवाला कोण हे माहीत हवं, त्याच्या भाषेत फोन करणारा माणूस हवा, आणि सवलतीची ती एक ओळ विमानातून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याच्या भाषेत छापून द्यायला हवी. हे बिनखर्चाचं काम आहे आणि म्हणूनच बहुधा राहून जातं. नियम करणारे वाईट नव्हते, सवलत ठेवण्याइतका विचार त्यांनी केला होता. कामरानच्या झोपड्या बांधणाऱ्यांपेक्षा ते कितीतरी पुढे होते. पण नियम दिल्लीत लिहिला गेला आणि सांताक्रूझपासून हॉटेलपर्यंत पोचला नाही.

मी त्याला ते सांगावं की नाही, यावर बरेच दिवस घालवले. सांगून काय मिळणार? शेवटी दिवाळीत तो घरी आला, खजुराचा डबा घेऊन, तेव्हा सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अब्बांना पण वाटलं असेल, बाईंना विचारा." मी मान खाली घातली. त्यानंतर मी त्याला जेद्दाच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली, वर्गातल्यासारखी नाही, साधीच. दादीच्या आज्याचं साल आता कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे दोघांची गाठ पडली असेल की नाही हे सांगता येत नाही, हेही सांगितलं. त्याने विचारलं, "त्याला पण घरचे होते काय?" मला एवढंच म्हणता आलं, असणारच.

२०२१ मध्ये तो परत मस्कतला गेला. जाण्यापूर्वी माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतलं: दूतावासाचे क्रमांक, निधीचं नाव, कोणाला काय मागायचं, मराठीत आणि खाली इंग्रजीत. त्याच्या खोलीत आता आठजण आहेत म्हणे. कागदाची झेरॉक्स काढून त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे आणि फोटो पाठवला आहे. माझ्या इंग्रजीत स्पेलिंगची एक चूक राहिली होती. ती त्याने लाल पेनाने दुरुस्त केली आहे.